हमी आणि अट

लाडकी बहीण योजनेचे महिना 1500 रुपये सुरू झाल्यापासून शेतावर मजूर मिळत नाहीत, ही तक्रार पारावरून निघून सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचली. फेब्रुवारी 2025 मध्ये एका सुनावणीत न्या. भूषण गवई यांनीही ती बोलून दाखवली. यावरचा उपाय तयारच असतो: पैसे द्या, पण काम करून घ्या. दाखला म्हणून मग एका दमात दोन नावे घेतली जातात, गरिबांच्या सरकारी मदतीतली अमेरिकेची 1996 ची सुधारणा आणि आपली रोजगार हमी. ही दोन्ही नावे एका पंक्तीला बसवणाऱ्यांनी यांपैकी एकही कायदा नीट वाचलेला नसावा.

22 ऑगस्ट 1996 रोजी बिल क्लिंटन यांची सही झाली आणि 1935 पासून गरीब मुलांच्या कुटुंबांना असलेला रोख मदतीचा हक्क संपला. त्याजागी राज्यांना वर्षाला सुमारे 16.5 अब्ज डॉलरचे ठोक अनुदान आले. महागाई वाढत गेली, आकडा तिथेच राहिला. केंद्राच्या पैशातून जन्मभरात 60 महिन्यांपुरतीच मदत. एकट्या आईने आठवड्याला सरासरी 30 तास काम दाखवायचे, मूल सहा वर्षांखालचे असेल तर 20. तास भरले नाहीत की मदत कापायची, बहुतेक राज्यांत अख्ख्या कुटुंबाची. म्हणजे शिक्षा आईच्या नावे आणि उपास मुलाच्या वाट्याला.

मदतच बंद करा म्हणणाऱ्या चार्ल्स मरे यांच्याशी वाद घालण्यात मला रस नाही. 1834 नंतरच्या इंग्लंडमधली वर्कहाऊसे त्यांना पुरेसे उत्तर आहेत. सरसकट मूलभूत उत्पन्नाचे पुरस्कर्ते तर कामाच्या अटीचा प्रश्नच टाळतात. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ लॉरेन्स मीड यांचे म्हणणे मात्र गंभीरपणे घेतले पाहिजे. 1986 च्या ‘बियॉण्ड एन्टायटलमेंट’मध्ये त्यांनी मांडले की नागरिकाला हक्कांबरोबर कर्तव्येही असतात, आणि गरिबाकडून कामाची अपेक्षाच न ठेवणे म्हणजे त्याला कमी लेखणे. यात तथ्य आहे. म्हणूनच त्याआड काय काय खपून जाते ते पाहावे लागते.

हा नागरिक आणि शासन या दोघांमधला करार असेल तर दोघांसाठीही कलमे हवीत. आईचे तास चुकले तर तिचे पैसे जातात. पण गावात काम नसेल, बस नसेल, पाळणाघर नसेल तर शासनाचे काय जाते? काही नाही. लहान मुलाला सांभाळायला कुणी नसल्यास सूट आहे, पण ते सिद्ध तिनेच करायचे. उलट लाभार्थींची यादी आटली की राज्याला कामाच्या उद्दिष्टात सवलत मिळते, मग ती यादी नोकरी लागल्यामुळे आटलेली असो की कागद वेळेत न पोचल्यामुळे. आणि काम तरी कशाला म्हणायचे? सामुदायिक सेवेला गेलेल्या दुसऱ्या बाईचे मूल सांभाळले तर ते तास कायद्याने धरले जातात. स्वतःचे मूल सांभाळले तर नाही. कर्तव्याच्या तत्त्वज्ञानाने याचे समर्थन कसे करायचे, हे मीड यांच्या अनुयायांनी सांगावे.

हे अनुयायी उत्तरादाखल आकडे सांगतात. 1996 नंतर एकट्या आयांचा रोजगार खरोखरच वाढला, हे नाकारता येणार नाही. पण तेव्हा बाजार तेजीत होता आणि कमी कमाईवरचा करपरतावा 1993 मध्येच भरघोस वाढवलेला होता. 2008 च्या मंदीत कामे गेली, तेव्हा ही रोख मदत जेमतेम हलली. मुले असलेल्या दर 100 गरीब कुटुंबांपैकी 1996 मध्ये 68 कुटुंबांपर्यंत ती पोचत होती, 2020 मध्ये 21. हे प्रमाण गरिबांमधलेच आहे; तेव्हा गरिबी घटली म्हणून यादी घटली, असेही म्हणता येत नाही.

कामाची अट आपण अमेरिकेकडून शिकण्याची गरज नाही. 1877 च्या दुष्काळात इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरचा शिधा दिवसाला एक पौंड धान्यावर आणला. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या पाठीशी उभी राहिली. बरोबर शंभर वर्षांनी वि. स. पागे यांची कल्पना महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, 1977 मध्ये उतरली, तेव्हा दंड भरणारा बदलला होता. मागितल्यापासून 15 दिवसांत काम द्यायचे, नाही दिले तर बेकारी भत्ता शासनाने द्यायचा. भत्ता दिवसाला अवघा एक रुपया होता, आणि तोही क्वचितच कुणाच्या हाती पडला. खडी फोडणे, नालाबांध, पाझर तलाव हे काम इतके कष्टाचे की तीही एक चाळणीच होती, असे मीड म्हणतील. मान्य. तरीही काम मिळाले नाही तर कसूर कुणाची, हे त्या कायद्यात लिहिलेले होते, आणि मजुरांच्या संघटना त्याच्या बळावर तहसील कचेरीसमोर बसू शकत होत्या. अमेरिकेतल्या आईला असे बसायला कलमच नाही.

म्हणून लाडकी बहीण योजनेला काम जोडू पाहणाऱ्यांना माझे प्रश्न साधे आहेत. 21 ते 65 वयाच्या बाईला काम कोण देणार, घरापासून किती अंतरावर, तिचे मूल तेवढा वेळ कुठे राहणार, आणि काम दिले नाही तर पैसे कुणाच्या खात्यातून कापणार? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मसुद्यात येत नाही, तोवर ते 1500 रुपये विनाअटच राहिले पाहिजेत.