बदल आणि बदली

बदल आणि बदली या दोन शब्दांत फरक एका वेलांटीचा. पण बँकेतल्या माणसाला विचाराल तर त्या वेलांटीत अख्खा संसार अडकलेला असतो. ‘बदल हवा’ असं आमच्या शाखेत सगळेच म्हणतात. ‘बदली हवी’ म्हणणारा अजून जन्माला यायचाय. बीडचा माणूस लातूरला गेला तरी पहिले सहा महिने तो तिथल्या चहाला नावं ठेवतो. ‘आमच्याकडे असं नव्हतं हो!’ हे वाक्य बदलीच्या ऑर्डरलाच टाचणीनं जोडून येत असावं.

तेव्हा प्रश्न असा, की परमुलखात गेल्यावर माणसानं स्वतःला किती बदलावं? बदलला तर लोक म्हणतात, ‘हा आपला राहिला नाही.’ नाही बदलला तर तेच लोक म्हणतात, ‘याला जमलं नाही.’ डेबिट दोन्ही बाजूंना!

जपानच्या हिदेकी मात्सुईंचं बघा. बेसबॉल म्हणजे आपल्या क्रिकेटचा लांबचा चुलतभाऊ. 2002 साली या गृहस्थांनी जपानमध्ये 50 वेळा चेंडू कुंपणापार धाडला. लोक त्यांना कौतुकानं ‘गॉडझिला’ म्हणत. 2003 साली ते न्यूयॉर्कच्या यांकीज संघात गेले, आणि आकडा आला 16 वर. आमच्याकडे कुणाच्या ठेवी 50 वरून 16 वर आल्या असत्या, तर तिसऱ्या दिवशी मेमो! पण त्याच हंगामात त्यांच्या फलंदाजीवर संघाच्या 106 धावा झाल्या. राक्षस थोडा लहान झाला, काम मात्र चोख झालं. पुढे 2009 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये सर्वोत्तम खेळाडू तेच ठरले.

पण जपानपर्यंत कशाला जायचं? आमच्या आष्टी तालुक्यात मांडवा नावाचं गाव आहे. तिथले अविनाश साबळे शेतकऱ्याच्या घरातून सैन्यात गेले, बीडच्या उन्हातून थेट सियाचीनच्या बर्फात. याला म्हणतात बदली! पुढे त्यांनी स्टीपलचेस ही शर्यत धरली. 3000 मीटर धावायचं, वाटेत 28 वेळा तीन फुटी अडथळे ओलांडायचे आणि सात वेळा पाण्यावरून उडी मारायची. बीडच्या माणसाला पाण्याचा अडथळा! आमच्याकडे पाणी दिसलं तर माणूस ओलांडून जात नाही, घागर घेऊन थांबतो.

या शर्यतीची एक गंमत आहे. साध्या अडथळा-शर्यतीतला अडथळा पायाला लागला तर आडवा होतो. स्टीपलचेसमधला हलत नाही. तो बदलणार नाही. पाय तुम्हीच उचलायचा.

2018 साली साबळ्यांना परदेशी प्रशिक्षकाच्या हाताखालचा सराव मानवला नाही. ते आपल्या जुन्या प्रशिक्षकांकडे, अमरीश कुमारांकडे परत आले. त्याच वर्षी त्यांनी 37 वर्षांचा जुना राष्ट्रीय विक्रम मोडला. म्हणजे, न बदलण्यातच शहाणपण? थांबा. 2022 साली हेच साबळे अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला स्कॉट सिमन्स यांच्याकडे सरावाला गेले. मे महिन्यात कॅलिफोर्नियात त्यांनी 5000 मीटरचा 1992 पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला आणि ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं रौप्य मिळवलं. सुवर्ण हुकलं ते 0.05 सेकंदानं. पापणी लवायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो.

मग कुठले साबळे खरे? 2018 चे की 2022 चे? मला वाटतं, दोन्ही. परत येण्याची सोय होती, म्हणून पुढे पुन्हा जाण्याची हिंमत झाली. बदल मानवतो तो तेव्हाच, जेव्हा मागचं दार उघडं असतं.

आणि इथंच माझी लेखणी अडते. कारण आमच्या जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर हजारो माणसांची बदली होते. ऑर्डर नाही, भत्ता नाही. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला जायचं. नवरा-बायको मिळून हिशेबात एक ‘कोयता’. पाचटाची खोप, पहाटेची थंडी, पोरांची शाळा अर्धी इथं, अर्धी कुठंच नाही. खेळाडूनं पाय उचलला की टाळ्या पडतात. यांनी उचल उचलली की वर्षभराचा जीव अडकतो.

हंगाम संपला की ही मंडळी आमच्या काउंटरला येतात. ऊस सोलून सोलून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या. यंत्रावर अंगठा ठेवला की यंत्र सांगतं, हा माणूस तो नव्हे.

“काका, पुसून पुन्हा ठेवा बरं.”

“सायेब, बोट माझंच हाय की! दुसऱ्याचं कुठून आणू?”

बदलल्यावर माणूस तोच राहतो का, हा प्रश्न मोठमोठ्या तत्त्वज्ञांना पडला म्हणतात. आमच्याकडे तो चारशे रुपये काढायला आलेल्या माणसाला पडतो, आणि मागे रांग असते.

‘बीडची माणसं मोठी काटक हो, कुठंही जमवून घेतात!’ असं कौतुक आपण सगळेच करतो. या कौतुकाला एक पैसा खर्च येत नाही, म्हणून ते सढळ हातानं होतं. पण ज्याला ‘नाही’ म्हणायची सोय नाही, त्याच्या जमवून घेण्याला गुण म्हणायचं की वसुली? साबळ्यांच्या वाटेतले अडथळे निदान मोजून ठेवलेले होते. 28 आणि सात. पस्तिसावा संपला की शर्यतीची शेवटची रेघ समोर दिसते.