सवलत की न्याय?

न्यायासनापुढे सर्व समान, हे तत्त्व आम्हां सर्वांस मान्य आहे. परंतु समता म्हणजे सर्वांस एकच वागणूक, असे मानले की त्यातूनच अन्याय उपजतो. अपिलाचे उदाहरण घेऊ. न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध दाद मागण्यास मुदत असते. निकालाची प्रत नुसत्या छायाचित्राच्या रूपाने मिळाली, तर अंध पक्षकाराची वाचून दाखविणारी संगणक-प्रणाली तीतील अक्षरही उच्चारू शकत नाही. मुदत मात्र सरतच असते. कोणी म्हणेल, पुरेसे कारण दाखविल्यास उशीर माफ होतो की! पण माफी देणे न देणे न्यायाधीशाच्या विवेकाधीन. शिवाय माफी मागावयाची ती चुकलेल्याने. येथे चूक कोणाची? २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचे कलम १२ तर न्यायालयांबरोबर न्यायाधिकरणांचेही नाव घेऊन सांगते की, तेथे भेदभावाविना दाद मागता येणे हा दिव्यांगांचा हक्क आहे. आणि हक्काच्या वस्तूसाठी याचना करावयास लावणे उचित नव्हे. यात प्रतिपक्षाचे काय जाते? त्याचा खंडनाचा अधिकार अबाधितच राहतो. जातो तो केवळ दुसऱ्यास निकाल वाचता न आल्यामुळे पदरी पडणारा विजय. आणि अशा विजयावर, आमच्या मते, कोणाचाच हक्क नसतो.