पहिल्यासारखा होईल ना?

मेंदूला जबर मार लागलेलं मूल हॉस्पिटलमधून घरी आलं की भेटायला येणाऱ्यांच्या तोंडी दोन वाक्यं हमखास असतात. एक धीराचं: "लहान आहे, लवकर भरून निघेल." दुसरं निघता निघता, दाराशी, आवाज उतरवून विचारलेलं: "पहिल्यासारखा होईल ना?" दोन्हींत माया असते, हे मी जाणते. पण त्या घराची पुढची वर्षं अवघड करण्यात या दोन वाक्यांचा हात मोठा असतो, असं माझं ठाम मत आहे.

पहिल्या वाक्याला शास्त्राचा आधार आहे, असं बराच काळ मानलं गेलं. १९३०च्या दशकात अमेरिकेत येल विद्यापीठात मार्गारेट केनर्ड यांनी माकडांच्या मेंदूतल्या हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या भागाला इजा केली, तर काय होतं याचा अभ्यास केला. पिल्लं मोठ्या माकडांपेक्षा चांगली सावरली. 'वय जितकं कमी, तितकी सुधारणा जास्त' हा नियम मग त्यांच्या नावावर रूढ झाला. खुद्द केनर्ड यांनी मात्र आणखीही एक नोंद केली होती: पिल्लं वाढत गेली तसतसे काही दोष, हातापायांतला ताठरपणा, उशिराने दिसू लागले. लोकांच्या लक्षात राहिला तो फक्त दिलासा. आज डॉक्टरांना ठाऊक आहे की इजा मेंदूभर पसरलेली असेल, तर कोवळं वय फारसं तारत नाही. मोठ्या माणसाचं वाचन, हिशेब, रागावरचा ताबा हे सगळं मार लागण्याआधी रुजलेलं असतं. पाच वर्षांच्या मुलाचं ते अजून यायचं असतं. कपाळामागचा मेंदू तर विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. तिथली इजा पाचव्या वर्षी झालेली असली, तरी तिचा हिशेब बाराव्या वर्षी समोर येऊ शकतो.

माझ्या मावसबहिणीच्या मुलाचं नेमकं हेच झालं. मोटरसायकलच्या टाकीवर, वडिलांच्या पुढ्यात बसलेला असताना तो पडला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. (२०१९च्या कायदादुरुस्तीने चार वर्षांवरच्या मुलांनाही हेल्मेट सक्तीचं केलं, तरी टाकीवर बसलेली उघड्या डोक्याची मुलं आजही रोज दिसतात आणि माझ्या पोटात गोळा येतो.) तो आयसीयूत असताना ताई, म्हणजे माझी ही मावसबहीण, फोनवर फक्त आकडा सांगायची, "आज सात," "आज नऊ". शुद्धीचं हे मोजमाप ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी १९७४मध्ये मांडलं. डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल यांचे मिळून कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. अगदी तान्ह्या बाळांसाठी त्यातला बोलण्याचा भाग बदलून घ्यावा लागला, कारण जे बोलतच नाही त्याचं बोलणं गेलं की नाही, हे कसं ठरवणार? मुलांच्या मेंदूच्या इजेतली सगळी अडचण मला या एका दुरुस्तीत दिसते.

आकडा पंधरावर गेला. नाकातली नळी निघाली, वळलेली मूठ फिजिओथेरपीने हळूहळू उघडली, पोरगा चालायला, बोलायला लागला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मग पाचवी-सहावीत शाब्दिक उदाहरणं आली. त्याला गुणाकार येत होता, भागाकार येत होता; पण शेवटच्या ओळीवर पोचेपर्यंत पहिल्या ओळीतला आकडा निसटलेला असायचा. दुपारनंतर डोकं गच्च व्हायचं. मधल्या सुट्टीत क्षुल्लक कारणावरून हात उगारायचा, नंतर रडायचा. शाळेने शेरा दिला: आळशी, लक्ष देत नाही. व्रण केसांखाली गेला होता आणि अपघात सगळ्यांच्या दृष्टीने जुना झाला होता.

म्हणून मला 'पहिल्यासारखा' या प्रश्नाचा त्रास होतो. पाय मोडलेल्या माणसाला परत जायला त्याची जुनी चाल असते. हे मूल कुठे परत जाणार? पाचव्या वर्षात? रोज वाढणाऱ्या मुलाची तुलना आपण एका फोटोशी करत राहतो, आणि त्याला ते कळतं. ताईच्या दिवाणखान्यात अपघाताआधीच्या वाढदिवसाचा फोटो होता. तो काढून ठेव, असं तिला मुलानेच सांगितलं.

आता ती त्याच्या शेजारी बसते. उदाहरण वाचताना आकडा आला की तो थांबतो, समासात लिहितो, मग पुढची ओळ. अर्ध्या तासाने विश्रांती. ही युक्ती तिला एका थेरपिस्टने शिकवली, पण तिथवर पोचायला तिला फार वणवण करावी लागली. मुंबईत हाजी अलीला पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था १९५५पासून आहे. पण तालुक्याच्या गावात बहुधा आईच थेरपिस्ट होते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. अपघाताने झालेली मेंदूची इजा त्यात स्वतःच्या नावाने नाही. चालता-बोलता येणाऱ्या या मुलांना दुसऱ्या कुठल्या तरी रकान्यात बसवावं लागतं, किंवा ती कुठेच बसत नाहीत.

दर जूनमध्ये ताई नव्या वर्गशिक्षकांना एक पान नेऊन देते: काय झालं होतं, काय जड जातं, कशाने सोपं होतं, थकला हे कसं ओळखायचं. ते पान तिने स्वतः, चाचपडत लिहिलं आहे. खरं तर ते डिस्चार्ज कार्डाला जोडून यायला हवं, आणि मूल मोठं होईपर्यंत दर दोन-तीन वर्षांनी तपासणी करून नव्याने लिहिलं जायला हवं. डॉक्टरांनी, शाळेशी बोलून.