आधी एक पावसाळा काढ

नाशिक, मे अखेर

चि. संकेत,

सिडकोतलं रो-हाउस घेतलंस, छान केलंस. डागडुजीला आलेलं घर म्हणून दादाने नाक मुरडलं असेल. मी मुरडत नाही. फोनवर सांगितलेलं तू दुसऱ्या दिवशी विसरतोस, म्हणून लिहून पाठवते. नोकरीची सगळी वर्षं बांधकाम खात्यात नकाशे काढण्यात गेली, तेव्हा एवढा अधिकार मला आहे.

आधी घराचा स्वभाव समजून घे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे वाढलेल्या वस्तीसाठी सिडकोने नवीन नाशकात एकामागून एक सहा योजना उभ्या केल्या. घरं बेताची. लोकांनी ती बोनस, भिशी, पीएफची उचल यांवर वाढवत नेली; आधी मागे मोरी, मग पुढे पडवी, मग जिना, मग वरची खोली. पवननगर-सावतानगरच्या गल्ल्यांतून हिंडलास तर मूळ घर कुठे संपलं आणि कुठल्या दिवाळीची खोली कुठे सुरू झाली हे रस्त्यावरून दिसतं. बाळकृष्ण दोशींनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत हेच ठरवून केलं. जोतं, संडास-मोरी, फार तर एक खोली बांधून द्यायची, पुढचं घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचं. त्या वसाहतीला 1995 साली आगाखान पुरस्कार मिळाला. आमच्या सिडकोवाल्यांनी तेच काम पुरस्काराविना केलं!

पण त्यात एक मेख आहे. तुझ्या घराचे तीन-चार तुकडे वेगवेगळ्या सालांत, वेगवेगळ्या गवंड्यांच्या हातचे. खाली काळी माती असेल तर ती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि जुना पाया नि नवा पाया सारखे हलत नाहीत. मग चीर पडते ती नेमकी सांध्यावर, आणि पाणी शिरतं तेही तिथूनच. आधीच्या मालकाने वरून पुट्टी ओढून रंग दिलाय, त्यामुळे तुला ते आत्ता दिसणार नाही.

म्हणून माझं म्हणणं, हा पावसाळा घरात राहून काढ आणि तोवर फोडाफोडी करू नकोस. हातात पेन्सिल ठेव. ओल जिथवर चढली तिथे भिंतीवर रेघ मारून तारीख घाल. आठवड्याने पुन्हा बघ. जमिनीपासून वर चढून दोन-तीन फुटांवर थांबणारी ओल जोत्यातून येते. छताच्या कडेने खाली उतरणारी गच्चीतून किंवा कठड्याच्या बुडातून येते. आणि पाऊस उघडून पंधरा दिवस झाले तरी मधेच एक डाग ओला राहतो, तो नळाच्या पाइपाचा. तिन्हींवर औषधं वेगळी. वॉटरप्रूफिंगवाला मात्र तिन्हींना एकच रसायन विकून जाईल. चिरेच्या टोकालाही अशीच खूण कर. खुणेपुढे सरकली नाही तर बुजवून मोकळा हो. सरकत असेल, खास करून खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चालली असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी बोलाव. त्याची फी फुकट जात नाही.

दोन गोष्टींना मात्र पावसाळ्याची वाट पाहू नकोस.

पहिली वायरिंग. जुनी वायर ॲल्युमिनियमची असेल तर बदल. दिव्या-पंख्याला दीड एमएम, पॉवर पॉइंटला अडीच, गिझरला चार, आणि मेनजवळ तीस मिलिअँपचा आरसीसीबी. अर्थिंग नुसतं आहे म्हणून सोडू नकोस, वायरमनकडून मोजून घे. दुसरी पाण्याची टाकी. हजार लिटरची टाकी भरली की एक टन वजन होतं, आणि ती बहुतेक घरांत जिथे जागा मिळाली तिथे, स्लॅबच्या मधोमध ठेवलेली असते. ती भिंतीवर किंवा कॉलमवर भार येईल अशी सरकव. खर्च दोन बिगाऱ्यांचा आणि थोड्या पाइपाचा.

दसऱ्यानंतर स्लॅब हातात घे. आतून छतावर हातोडीने हलकेच ठोकत जा. टणक आवाज आला तर बरं. पोकळ वाजलं तर आत सळई गंजलेली असू शकते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा खातो आणि काँक्रीटला आतून फोडतो. अशा जागी नुसतं प्लास्टर थापलं तर काही वर्षांत ते अंगावर येईल. सैल माल काढून टाकायचा, सळई उघडी करून तारेच्या ब्रशने लख्ख घासायची, गंजरोधक लावायचं आणि पॉलिमरच्या मसाल्याने भरायचं. मग वर गच्चीला उतार देऊन कोबा. हे काम रोजावर दे, ठेक्याने नको. जे झाकलं जाणार ते ठेकेदार घाईने उरकतो. फरशी खुशाल फुटावर दे, ती डोळ्यांसमोर असते.

नव्या कामावर पाणी मारणं गवंड्यावर सोपवू नकोस, तो संध्याकाळी निघून जातो. हल्लीचं सिमेंट बहुधा राखमिश्रित पीपीसी असतं, त्याला दहा दिवस तरी ओलं ठेवायला लागतं. गोणपाट अंथर आणि सकाळ-संध्याकाळ पाणी मार. घरातल्या घरात फुकट मिळणारी मजबुती तेवढीच.

पैशांचं म्हणशील तर फरशीसाठी पर्सनल लोन काढू नकोस. भिशी लागली की एक काम, बोनस आला की दुसरं. आणि हातातलं पुरं झाल्याशिवाय पुढची खोली उकरायची नाही. दोन खोल्या एकदम उकरून, मधे पैसे संपून सिमेंटच्या धुळीत पोरं वाढवणारी घरं मी पाहिली आहेत. 2027 चा सिंहस्थ तोंडावर आहे. घाट-रस्त्यांच्या कामांवर मजूर ओढले जातील, तेव्हा मोठं काम एकतर त्याआधी उरक, नाहीतर सरळ पुढे ढकल.

सूनबाईंना मॉड्युलर किचन हवंय म्हणे. ते दोन-तीन वर्षं थांबू दे, पण ओटा पावसाळा सरताच कर. जुने ओटे ठेंगणे असतात, वाकून कंबर धरते. त्यांना उभं करून कोपर काटकोनात धरायला सांग आणि कोपराच्या चार बोटं खाली ओट्याची वरची कड घे. जुना कडप्पा धड असेल तर तोच वर चढव. सगळंच घर उसवलेलं असताना एक तरी जागा मनासारखी हवी, नाहीतर माणूस विटतो. हा नियम पुस्तकात नाही, माझा आहे.

वरच्या मजल्याचा विचार आत्ता डोक्यातून काढ. आतल्या किरकोळ दुरुस्तीला कुणी अडवत नाही, मजल्याला महापालिकेची परवानगी लागते. शेजाऱ्याने बिनपरवाना चढवला म्हणून तुझा चढत नाही. सामाईक भिंतीला छिन्नी लावायच्या आधी त्या शेजाऱ्याकडे चहाला जाऊन ये. आणि घर तुझ्या नावावर चढल्याचा कागद हातात येईपर्यंत वायरिंग-टाकी सोडून एक वीटही हलवू नकोस. पैसे घालायचे ते आपल्या नावाच्या घरात.

रंग सगळ्यात शेवटी. नवं प्लास्टर नीट वाळल्याशिवाय तर नाहीच, नाहीतर पोपडे धरतील.

गणपतीत मी येतेच आहे. तोवर पेन्सिलीच्या रेघा पुसू देऊ नकोस, आणि मूळ नकाशाची एक झेरॉक्स काढून ठेव. नसेल तर टेप तरी ठेव, आपण दोघं मिळून मोजून काढू.

तुझी,
आत्या