उपकाराची वही

'उपकार' हा आपल्या मराठीतला मोठा चमत्कारिक शब्द आहे. उपकार करायचे असतात, मानायचे असतात, फेडायचे असतात आणि समोरचा विसरलाच तर बोलून दाखवायचेही असतात. म्हणजे शब्दाच्या पोटातच वाण्याची वही आहे, जमा आणि नावे अशी. आपल्या घरांतून बोलला जाणारा 'एहसान' हा शब्द मुळात असा नव्हता. अरबीत त्याचे नाते 'हुस्न'शी, सौंदर्याशी आहे. एखादे काम जेवढे लागते त्याहून जास्त, सुंदर रीतीने करणे म्हणजे एहसान. पण आपल्यापर्यंत येता येता त्याचाही 'एहसान जताना' झाला. शब्द घसरतात तेव्हा माणसेही कुठेतरी घसरलेली असतात.

मला जो प्रश्न पडला आहे तो असा : मुलांनी आईबापांचे आणि परदेशी गेलेल्याने त्या देशाचे उपकार मानावेत, हे सगळेच म्हणतात. पण मागून घेतलेली कृतज्ञता ही कृतज्ञता उरते का? आणि मागायचीच नाही, तर ती पुढच्या पिढीत येते कुठून?

मी हे एक आई म्हणून लिहिते आहे. जन्म डहाणूचा. 1985 साली लग्न होऊन कुवेतला गेले, तिथे तीस वर्षे काढली. आता वर्षातले काही महिने इंग्लंडला लेकीकडे आणि उरलेले डहाणूत, असा माझा संसार दोन घरांत वाटला गेला आहे.

कोकण किनाऱ्याच्या मुसलमानांना परदेस नवा नाही. कुणाचे आजोबा जहाजावर खलाशी होते, कुणाचे पूर्व आफ्रिकेत, कुणाचे थेट केपटाऊनला गेलेले. 1973 नंतर तेलाचे भाव चढले आणि आखाताचे दार उघडले. त्या पैशाने कौलारू घरांवर स्लॅब पडले, बहिणींची लग्ने झाली, मुले कॉलेजात गेली. आणि घराघरांत एक वाक्य तयार झाले : 'तुझ्या अब्बांनी तुझ्यासाठी परदेसात हाडं उन्हात जाळली.' वाक्य खरे आहे. उन्हाळ्यात पन्नास अंशांच्या जवळ जाणाऱ्या उन्हात ज्यांनी काम केले त्यांनाच ते ठाऊक.

पण ज्या मुलांना हे वाक्य ऐकवले गेले, त्यांचीही एक वही होती. दोन वर्षांतून एकदा दीड-दोन महिने दिसणारा बाप. टेपरेकॉर्डरच्या कॅसेटमधून येणारा त्याचा आवाज, जो ऐकताना आई पदर डोळ्यांना लावायची. पेटीतून निघणारे दुधाच्या पावडरीचे डबे, ब्लँकेट, अत्तर, आणि ते देणाऱ्या माणसासमोर उभे राहताना वाटणारा परकेपणा. 'आम्ही कुठं मागितलं होतं?' असे ती मुले मोठेपणी विचारतात, तेव्हा आपण त्यांना नाशुक्रे म्हणतो. मला ते अन्यायाचे वाटते. बापाची वही खरी आणि मुलाची वहीही खरी. दोन्ही समोरासमोर ठेवून बाकी काढायला बसलो, तर बेरीज कधी जुळत नाही. कारण एकात रुपये आणि घाम मांडला आहे, दुसऱ्यात बालपण.

याबाबत आपला दीन काय सांगतो तेही नीट पाहावे. सूरह लुकमानमध्ये अल्लाहचे शुक्र आणि आईबापाचे शुक्र एकाच दमात सांगितले आहे. आईने अशक्तपणावर अशक्तपणा सोसून मूल वाढवले, याची तिथे आठवण दिली आहे. ही आज्ञा मुलाला आहे. देणाऱ्याला मात्र वेगळीच आज्ञा आहे. सूरह बकरात बजावले आहे, की दान करून नंतर ते बोलून दाखवाल, तर दिलेलेच वाया जाईल. आणि सूरह दहरमध्ये खऱ्या देणाऱ्यांची ओळख अशी दिली आहे, की जेवू घालताना त्यांना मोबदला नको असतो आणि आभारही नको असतात.

या तिन्ही गोष्टी एकत्र वाचल्या, की एक विलक्षण रचना दिसते. घेणाऱ्यावर कर्तव्य आहे, पण देणाऱ्याला त्याची वसुली करता येत नाही. सावकारीत असे होत नाही. तिथे एकाचे देणे हेच दुसऱ्याचे येणे असते. कृतज्ञतेत देणे आहे, पण येणे नाही. मुलाने माझे शुक्र मानावे हे खरे, पण ते त्याच्या आणि त्याच्या रबच्या मधले आहे. मी मध्ये वही घेऊन उभी राहिले, तर ते नातेच बदलते.

यावर कुणी म्हणेल, आईने काहीच बोलायचे नाही का? या आक्षेपात दम आहे. 'आई म्हणजे त्याग' अशी कौतुके करून घराघरांत बायकांकडून फुकट राबवून घेतले जाते, आणि तिने तोंड उघडले की 'आईने असे बोलू नये' हे आहेच. नवरा परदेशी असताना इथे राहिलेल्या बायांनी सासू-सासऱ्यांची दुखणी काढली, बँकेच्या रांगा लावल्या, मुलांच्या शाळेत 'वडील कुठे?' या प्रश्नाला उत्तरे दिली. घराच्या हिशोबात मात्र ड्राफ्ट पाठवणाऱ्याचेच नाव लागले. हे गिळून टाकणे याला मी सबर म्हणणार नाही. म्हणून 'जतावणे' आणि 'सांगणे' यांत फरक केला पाहिजे. जतावणारा काहीतरी परत मागत असतो. सांगणारा फक्त जे झाले ते झाले म्हणून ठेवतो.

आता देशाकडे येऊ. 'ज्या देशाने पोट भरले त्याचे उपकार माना' असे आखातातून परतलेल्यांना नेहमी ऐकवले जाते. इथे आधी एक गाठ सोडवली पाहिजे. पगार हा उपकार नव्हे, तो हक आहे. मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी द्या, ही हदीस आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. तिच्यात मजुराने आभार मानण्याचा उल्लेख नाही. तीस वर्षे राबूनही आखातात नागरिकत्व मिळत नाही, तिथे जन्मलेल्या मुलांनाही नाही. अकामा संपला की माणूस संपला. 12 जून 2024 रोजी कुवेतच्या मंगफ भागात मजुरांच्या इमारतीला आग लागली आणि चाळीसहून अधिक भारतीय गेले. त्यांच्या घरच्यांनी कुणाचे आणि कशाचे उपकार मानायचे?

पण त्याच मुलखाची दुसरी आठवणही माझ्याजवळ आहे. 2 ऑगस्ट 1990 रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. आम्ही तान्ह्या लेकीला घेऊन बसने बसरा, बगदाद करत जॉर्डनच्या सरहद्दीवर पोहोचलो. पुढे अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी दोन-अडीच महिन्यांत सुमारे 1 लाख 70 हजार भारतीयांना मायदेशी आणले. त्यातली आम्ही तीन माणसे. सरहद्दीवरच्या वाळवंटात एका ट्रकवाल्याने स्वतःच्या पिण्याच्या पाण्याचा डबा आमच्या पुढ्यात ठेवला आणि निघून गेला. त्याचे नाव मला माहीत नाही. त्याला ते परत करणे या जन्मी शक्य नाही. हा एहसान, त्या शब्दाच्या मूळ अर्थाने. ज्याला मी पगार देत नाही, जो माझ्याकडून काही मागत नाही, त्याने जास्तीचे दिलेले. पगाराला उपकार म्हटले, की अशा माणसांसाठी आपल्याजवळ शब्दच उरत नाही.

उलटेही घडते. हकाच्या जागी आभार देऊन बोळवण केली जाते. माझी लेक इंग्लंडमध्ये नर्स आहे. 2020 च्या वसंतात तिथले लोक दर गुरुवारी रात्री दारात उभे राहून आरोग्यसेवकांसाठी टाळ्या वाजवत. आपल्याकडेही 22 मार्चला थाळ्या वाजल्या. टाळ्या मनापासूनच्या होत्या, मला त्यांचा अपमान करायचा नाही. पण पुढच्याच वर्षी मार्चमध्ये तिथल्या सरकारने नर्सेसना पगारवाढ सुचवली ती 1 टक्क्याची. ओरड झाल्यावर ती 3 टक्के झाली. लेक म्हणाली, 'अम्मी, टाळ्यांनी घरभाडं भरत नाही.' तिला मी नाशुक्री म्हणणार नाही.

तिला तिथले नागरिकत्व मिळाले, तेव्हा नगरपालिकेच्या हॉलमध्ये समारंभ झाला. शपथ, हस्तांदोलन, सर्टिफिकेट. मागच्या रांगेत बसून मी विचार करत होते, की जिथे मी तीस वर्षे राहिले तिथे मी शेवटपर्यंत पाहुणीच होते आणि ही काही वर्षांत घरची झाली. पण घरचे झाल्यावरही 'इतकं दिलं तरी तक्रार करता? मग परत जा' हे वाक्य तिथल्या बसमध्ये ऐकू येतेच. आणि वाचकांना हे वाक्य अनोळखी नसेल. आपल्याच मुलखात, जिथे आपल्या सात पिढ्यांच्या कबरी आहेत, तिथेही आपल्याला कधी ना कधी ते ऐकावे लागते. पाहुण्याने यजमानाचे आभार मानावेत, हे ठीकच. पण नागरिक हा पाहुणा नसतो. घरातल्या माणसाकडे सतत आभार मागणे, म्हणजे तो घरातला नाही हे त्याला सतत सांगणे. देशावर प्रेम करता येते, त्याच्यासाठी राबता येते, त्याच्याशी भांडताही येते. या तिन्हीसाठी कुणाकडून पावती घ्यावी लागू नये.

आमच्या डहाणू-तलासरीचा मुलूख या बाबतीत मोठा शिकवणारा आहे. इथून उत्तरेला जवळच संजाण. पारशी इराणातून तिथे उतरले तेव्हाची दुधात साखर विरघळवल्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पुढे संजाण पडल्यावर त्यांनी आपला पवित्र अग्नी इथल्याच बहरोटच्या गुहांत लपवून जपला, असे परंपरा सांगते. विसाव्या शतकाच्या आरंभाच्या आसपास आणखी इराणी कुटुंबे आली आणि डहाणू-घोलवडला चिकूच्या वाड्या उभ्या राहिल्या. साखरेची गोष्ट गोड आहे. पण तिच्यात आलेला पाहुणा आणि राजा एवढेच दोघे आहेत. ज्यांच्या जंगलात हे सगळे घडले ते वारली तिच्यात नाहीत. त्यांच्या वाट्याला वेठ आली, लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जन्माची गुलामी आली. 1945 साली तलासरीजवळच्या झरी गावी ते गोदावरी परुळेकरांच्या किसान सभेच्या झेंड्याखाली जमले आणि वेठ नाकारली. त्यांना तेव्हाही जमीनदारांनी 'खाल्ल्या मिठाला न जागणारे' म्हटले असेल, यात मला शंका वाटत नाही. वही कुणाच्या हातात आहे, त्यावर कृतघ्न कोण ते ठरते.

मग शुक्र म्हणजे नेमके काय? कुरआनात शुक्रच्या विरुद्ध जो शब्द येतो तो 'कुफ्र', आणि त्याचा मूळ अर्थ झाकणे असा आहे. शेतकरी बी मातीखाली झाकतो, ते त्या धातूतले. नाशुक्री म्हणजे कुणीतरी केलेले झाकून टाकणे. तर शुक्र म्हणजे ते उघडे करणे, कुणाचे काय होते ते लपवून न ठेवणे. मला हा अर्थ फार उपयोगाचा वाटतो. त्यात वाकणे नाही, फेडणे नाही. खरे बोलणे आहे.

या अर्थाने मी माझ्या घराची हकीकत सांगायला बसते, तेव्हा नावे वाढतात. आम्ही कुवेतला असताना माझी अम्मा डहाणूत एकटी होती. खाडीच्या दक्षिणेला धाकटी डहाणू, मांगेल्यांची वस्ती. तिथली मासळीवाली मावशी पाटी घेऊन आमच्या दारात यायची. मासे विकले जावोत न जावोत, ती अम्माच्या ओट्यावर बसून जायची. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढल्या, की धंदा बंद. तरी सुक्या बोंबलांची जुडी घेऊन ती यायची आणि चूल पेटली आहे की नाही ते पाहून जायची. अम्मा तापाने पडली तेव्हा डॉक्टरांकडे तिनेच नेले. सुट्टीत मी तिला साडी आणि पैसे द्यायला गेले, तर साडी ठेवून घेतली आणि पैसे परत केले. म्हणाली, 'तुझी आई काय गिऱ्हाईक हाय का माझी?' एका वाक्यात तिने माझी वही मिटवली. आमच्या घराच्या स्लॅबला ड्राफ्ट लागले, पण अम्माचे म्हातारपण कुणी तोलले हे त्या ड्राफ्टवर लिहिलेले नव्हते.

आज त्याच किनाऱ्यावर वाढवण बंदराचे काम आले आहे. जून 2024 मध्ये केंद्र सरकारने 76 हजार कोटींहून मोठ्या या प्रकल्पाला मंजुरी दिली, 30 ऑगस्टला पायाभरणी झाली. किनाऱ्यावरचे मच्छिमार वर्षानुवर्षे विरोध करत आले आहेत, कारण त्यांची जाळी पडतात तो समुद्र त्यात जाणार आहे. बंदर हवे की नको यावर मते वेगळी असू शकतात. पण त्या मावशीची नातवंडे आपले म्हणणे सांगत असताना परदेसच्या पैशावर उभ्या राहिलेल्या आपल्या घरांनी खिडक्या लावून घेऊ नयेत, एवढे तरी शुक्रमध्ये येते. निदान त्यांचे नाव झाकले जाऊ नये.

माझ्या नातवाला मी हे सगळे सांगते. त्याच्या नानाचे ऊन, त्याच्या आईच्या रात्रपाळ्या, ट्रकवाल्याचे पाणी, मावशीचे बोंबील, आणि नाना घरी नसताना त्याच्या मामाने एकट्याने काढलेले ईदचे दिवससुद्धा. काही मागण्यासाठी सांगत नाही. परवा त्याने मध्येच थांबवून विचारले, 'त्या मावशीचं घर अजून आहे का?' आहे, म्हटले. या डिसेंबरला तो येणार आहे, तेव्हा त्याला खाडीपलीकडे घेऊन जाईन. तिथे जाऊन त्याने कुणाचे आभार मानावेत की मानू नयेत, हे त्याचे तो ठरवील.