तामारचे कोणी ऐकले?



शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकातील तेरावा अध्याय रविवारच्या मिस्सामध्ये वाचला जात नाही. तो आपण घरी बायबल उघडून जरूर वाचावा. दावीद राजाची कन्या तामार हिच्यावर तिचा सावत्र भाऊ अम्नोन याने बलात्कार केला. ती डोक्यावर राख घालून रडत निघाली. सख्ख्या भावाने, अबशालोमने, तिला आपल्या घरी ठेवून घेतले. पण तो तुझा भाऊच आहे, तू आता गप्प राहा, असेही बजावले. बापाला कळले. तो संतापला, आणि त्याने केले काहीच नाही. तामारला छप्पर मिळाले. ऐकणारे माणूस मिळाले नाही.

आपल्या ठाकूरद्वारच्या चाळींना हे नवे नाही. सामाईक गॅलरीमुळे कुणाकडे काय शिजते ते मजलाभर कळते. पण एखादे मूल अमक्या काकांच्या किंवा शिकवणीच्या मास्तरांच्या खोलीत जायला का घाबरते, हे कळले तरी कोणी बोलत नाही. घराण्याची अब्रू असते, बहिणीचे लग्न व्हायचे असते. ते मूल मोठे होते, विरारला राहायला जाते, आणि सणाला बोलावले तरी जुना जिना चढत नाही. आपण म्हणतो, शिष्ट झाला! कित्येक चाळी आता पाडल्या गेल्या. त्याच्या स्वप्नातला जिना मात्र तसाच आहे.

हे विरळा घडते असे समजू नये. केंद्र सरकारने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलणे झाले. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या लैंगिक अत्याचाराचा अनुभव सांगितला. त्यांत मुलगेही तितकेच होते.

आपल्या जवळच, कुलाब्याला, ‘अँकरेज’ नावाचे रस्त्यावरच्या मुलांचे आश्रयगृह होते. ते चालवणाऱ्या डंकन ग्रँट व त्याचा साथी ॲलन वॉटर्स यांच्याविरुद्ध तिथेच राहिलेल्या मुलांनी न्यायालयात साक्ष दिली. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने दोघांना दोषी ठरवले, २००८ मध्ये उच्च न्यायालयाने सोडून दिले, आणि मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा पुन्हा कायम केली. आपले खरे मानले जाते की नाही, याची त्या मुलांनी किती वर्षे वाट पाहिली असेल!

आपल्या ख्रिस्तसभेतही असे घडले आहे, आणि ते झाकलेही गेले आहे. हे आपण मान खाली घालूनच बोलले पाहिजे. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये नियम करून प्रत्येक धर्मप्रांतात तक्रार करण्याची सोय बंधनकारक केली. पण नियमाच्या आधी माणूस लागतो.

उद्या आपली बहीण, नवरा किंवा मित्र पंचवीस वर्षांनी तोंड उघडेल. तेव्हा ‘इतकी वर्षे का बोलला नाहीस?’ असे आपण विचारू नये. अबशालोमने सांगितले म्हणून तो गप्प होता. ‘माफ करून टाक’ असेही लगेच म्हणू नये. क्षमा ही त्याच्या आणि प्रभूच्या मधली गोष्ट आहे, आपण तिची घाई करणारे कोण? काही जण तर हे पापनिवेदनात सांगतात, जणू गुन्हा त्यांचाच. लहान मुलावर मोठ्याने केलेल्या अत्याचारात मुलाचे पाप नसते. ज्याची क्षमा मागायची गरजच नाही, तिथे सांत्वन हवे आणि उपचारही हवेत.

आणि प्रार्थनेच्या जोडीला उपचार घेणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे नव्हे. मुंबईत ‘अर्पण’ ही संस्था २००६ पासून याच विषयावर काम करते. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते, मराठीतूनही. नायर आणि जे. जे. या दोन्ही रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. तिथे पहिल्यांदा जाताना पाय मागे येतात. तेव्हा आपल्यापैकी कोणीतरी सोबत जावे, केसपेपर काढावा आणि तो आत असेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहावे.