पट्टा, कोयता आणि कारखाना

पुणे-नगर रस्त्यावर कोरेगाव भीमा मागे टाकून शिक्रापूरकडे निघालं की मध्ये सणसवाडी लागते. दोन्ही अंगांना कारखान्यांची शेडं, कंटेनरच्या रांगा, बीड-लातूरपासून विदर्भापर्यंतच्या आणि परराज्यातल्या कामगारांनी भरलेल्या भाड्याच्या खोल्या. हे गाव कोणी इतिहासासाठी पाहायला येत नाही. तरी वढू बुद्रुक, तुळापूर आणि पेरण्याचा जयस्तंभ ही तिन्ही ठिकाणं इथून हाकेच्या अंतरावर आहेत. फाल्गुन अमावास्येला वढूला जाणारे भगवे झेंडे आणि १ जानेवारीला जयस्तंभाकडे जाणारे निळे झेंडे, दोन्ही याच पट्ट्यातून जातात. २०१८ च्या १ जानेवारीला इथे दगडफेक आणि जाळपोळ झाली, एका तरुणाचा जीव गेला. त्याआधीचे काही दिवस वढूत वाद पेटला होता तो संभाजी महाराजांचे अंत्यसंस्कार कोणी केले यावरून, म्हणजे १६८९ सालच्या घटनेवरून.

अशा भागात जुन्या शस्त्रांची आणि जुन्या युद्धविद्येची हौस वाढते आहे, ही गोष्ट मी चांगली मानतो. हे वाचून काहींच्या भुवया उंचावतील. मिरवणुकीत तलवारी नाचवणारी पोरं डोळ्यांसमोर येतील, तलवारीने वाढदिवसाचा केक कापला म्हणून गुन्हा दाखल झाल्याच्या बातम्या आठवतील. पुणे जिल्ह्यात या बातम्या आता इतक्या नेहमीच्या झाल्या आहेत की वार्ताहरांनी मजकूर साच्यात घालून ठेवला असावा. पण केक कापणाऱ्याला तलवारीची हौस नसते, तलवार हातात धरलेल्या स्वतःच्या फोटोची असते. ज्याला खरी हौस आहे तो पहिले काही महिने हातात पातं घेतच नाही. वस्ताद त्याच्याकडून लाठी फिरवून घेतो, पवित्रे घोटवून घेतो.

दांडपट्ट्याचंच पाहा. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने त्याला राज्यशस्त्राचा मान दिला. या शस्त्राची मूठ म्हणजे कोपरापर्यंत हात झाकणारा खोबळा. आतली आडवी पकड मुठीत धरली की मनगट बांधलं जातं, त्यामुळे तलवारीसारखे मनगटी वार करता येत नाहीत. वार खांद्यातून आणि कमरेतून यावा लागतो. पातं लांब आणि लवचिक असल्यामुळे त्याचा वेग मोडला की ते परत चालवणाऱ्याच्याच अंगावर येतं. म्हणून पाय थांबवून चालत नाही. हे वाचून कळत नाही, दोन मिनिटं करून पाहिलं की लगेच कळतं. पोवाड्यातल्या लढाईत शूर माणसाला दम लागत नाही. पट्टा धरलेल्याला लागतो. आणि ज्याला एकदा दम लागला, त्याच्या डोक्यातलं लढाईचं चित्र बदलतं.

युरोप-अमेरिकेत ही हौस बरीच संघटित आहे. १९६६ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत काही मित्रांनी मध्ययुगीन वेशात एक मेजवानी केली, त्यातून आज जगभर पसरलेली एक संस्था उभी राहिली. पुढे दुसरा प्रवाह आला, तो जुन्या हस्तलिखितांवरून तलवारबाजी पुन्हा उभी करणाऱ्यांचा. इंग्लंडमधल्या लीड्सच्या शस्त्रसंग्रहालयात ढाल-तलवारीचं सुमारे सातशे वर्षांपूर्वीचं एक सचित्र हस्तलिखित आहे. त्यातल्या एकाच चित्राचा दोन आखाड्यांत दोन प्रकारे अर्थ लावतात, मग मुखवटे घालून, बोथट पाती घेऊन समोरासमोर उभे राहतात आणि कोणाचा अर्थ चालतो ते पाहतात. तिथली गुरुपरंपरा मध्येच तुटली, म्हणून त्यांना शंका घेण्याची सवय लागली.

आपल्याकडे उलट झालं. कोल्हापूरच्या तालमींतून मर्दानी खेळ टिकला, वस्तादाकडून चेल्याकडे आला. हे मोठंच भाग्य. पण जिवंत परंपरेत शंका विचारणं उर्मटपणाचं ठरतं. आज मैदानात दिसतं त्यातलं सतराव्या शतकातलं किती, आणि इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने लोकांची शस्त्रं काढून घेतल्यावर तालमींनी जगण्यासाठी बदललं किती, हा प्रश्न कोणी फारसा विचारत नाही. तळहातावरचं लिंबू पट्ट्याने कापणं अवघड आहे, पण लिंबू उलटा वार करत नाही. जोडीने खेळायचा फरी-गदका, ज्यात समोरचा खरोखर मारतो, त्याला टाळ्या कमी पडतात, म्हणून तो मिरवणुकीत मागे राहतो. तपासून पाहायला साधनं नाहीत असंही नाही. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले. फरी-गदका, बोथाटी, पट्टा यांचे हात आणि पवित्रे त्यात नोंदले आहेत. ते खंड समोर ठेवून दोन तालमींनी आपापले हात ताडून पाहावेत, मतभेद झाला तर फरी-गदक्याने सोडवावा. त्याने वस्तादांचा मान कमी होणार नाही.

आता या हौसेचा माझ्या मते खरा लाभ सांगतो. भूतकाळ अंगाने करून पाहायला गेलात की घोषणेतला भूतकाळ फार वेळ टिकत नाही. या रस्त्यावरचीच, जयस्तंभामागची कोरेगावची लढाई घ्या. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅप्टन स्टाँटनची तुकडी शिरूरहून निघाली. मुंबई फौजेचं पायदळ, थोडे घोडेस्वार, मद्रासचे गोलंदाज आणि दोन तोफा. रात्रभर चालून ती सकाळी कोरेगावजवळ पोचली आणि दिवसभर पाण्यावाचून लढली. ही लढाई खरोखर उभी करायची म्हटली तर पहिली अडचण अशी की पायदळाच्या हातात बंदुका द्याव्या लागतील, तलवारी फारशा चालणार नाहीत. दुसरी अडचण माणसांची. पेशव्यांच्या बाजूने गावावर चालून गेलेल्या पायदळात अरब आणि गोसावी होते, मराठे होते. जयस्तंभावरच्या कंपनीच्या मृतांत महार शिपायांची नावं ठळक आहेत, त्यांच्याबरोबर मराठे, रजपूत, मुसलमान आणि ज्यूही आहेत. दोन महिन्यांपूर्वीच्या खडकीच्या लढाईत लहुजी वस्ताद साळव्यांचे वडील राघोजी पेशव्यांकडून लढताना पडले असं सांगितलं जातं. ज्याला वेश शिवायचे आहेत, त्याला हे सगळं मोजून शिवावं लागेल. दोनच रंगांत भागणार नाही.

तरी ही लढाई इथे खेळून दाखवावी असं मी सुचवत नाही. युरोपातल्या माणसाला शनिवारी सरदार होऊन सोमवारी कचेरीत जाता येतं, कारण त्याचा तो भूतकाळ थंड झाला आहे. आपला अजून भाजतो. १ जानेवारीला येणाऱ्या माणसासाठी जयस्तंभ हा छंदाचा विषय नाही, स्वाभिमानाचा आहे. वढूला येणाऱ्यालाही संभाजी महाराजांची समाधी म्हणजे नाटकाचा पडदा वाटत नाही. दोघांनाही तुम्ही वेश घालून खेळा म्हणणं उद्धटपणाचं होईल.

मग सुरुवात कुठून करायची? वस्तूपासून. तलवार कोणी घडवली, धार कोणी लावली, म्यान कोणी शिवलं, घोड्याचं खोगीर कोणी केलं? लोहार, शिकलगार, जिनगर, चांभार. दोर मांगांनी वळले, घोंगडी सणगरांनी विणली. पोवाड्यात या मंडळींना जागा नाही, पण वस्तूत त्यांची जागा कोणी काढून घेऊ शकत नाही. खुद्द पट्टा शिकवणारे कोण होते ते पाहा. पुण्याच्या गंज पेठेत तालीम चालवणारे लहुजी वस्ताद मातंग होते, आणि त्यांच्याकडे जोतीराव फुले दांडपट्टा शिकले, वासुदेव बळवंत फडकेही शिकले. वस्तूला आपल्या शुद्धतेच्या कल्पनांशीही देणंघेणं नसतं. २०२५ मध्ये सरकारने लंडनच्या लिलावात सुमारे ४७ लाखांना नागपूरच्या पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार घेतली आणि वाजतगाजत मुंबईला आणली. तिचं पातं युरोपीय बनावटीचं आहे, त्यावर अक्षरं देवनागरी आहेत आणि मूठ मुल्हेरी. मराठ्यांना चांगलं पोलाद कुठून येतं याची पर्वा नव्हती, ते चांगलं असण्याची होती. युरोपीय पात्यांच्या त्या व्यवहारातूनच फिरंग ही तलवार आपली झाली.

सणसवाडी इथे कामाला येते. बाजारात मिळणारी चकचकीत तलवार बहुतेकदा पातळ पत्र्याची असते. मुठीच्या आत पात्याची शेपटी तोकडी, तिला सळई वेल्ड करून जोडलेली. जोराने फिरवली तर पातं सुटून कोणाला तरी लागणार. हे दोष ओळखायला इतिहासाची पदवी लागत नाही. या पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांतल्या फिटरला, ग्राइंडिंगवर बसणाऱ्याला, भट्टीवर काम केलेल्याला ते कळतात. पोलाद तापवून एकदम थंड केलं की कडक पण ठिसूळ होतं, पुन्हा बेताने तापवलं की चिवट होतं, हे त्याला रोजच्या कामातून ठाऊक असतं. पट्ट्याचं पातं वाकून परत सरळ का यायला हवं, हे तो वस्तादालाही समजावून सांगेल. इतिहासप्रेमी मंडळांनी आजवर या माणसाला फक्त वर्गणीसाठी गाठलं आहे.

आणखी एक धातुकाम या तालुक्यांत अजून हाताने चालतं. पाटसच्या भीमा कारखान्याच्या बाजूला उसाचे फड लागले की तोडणीच्या टोळ्या येतात. त्यांचे कोयते, शेतकऱ्यांचे विळे रस्त्याकडेला पाल टाकून घिसाडी घडवतात. बाई घण मारते, बाप्या सांडशीने लोखंड फिरवतो. वर्तमानपत्रांतून कोयता आता फक्त गँगच्या नावात उरला आहे, पण हाताने ठोकून घडवलेलं, काम करणारं पातं बघायचं तर आजही तोच. तलवारीची हौस असलेल्या किती जणांनी त्या पालापाशी तासभर उकिडवं बसून पाहिलं आहे?

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. युरोपातला संगणक अभियंता हौसेने चामडं शिवतो, कारण त्याच्या बापाला ते शिवायची सक्ती नव्हती. आपल्याकडे हस्तकला जन्माने गळ्यात पडत आली. चामड्याचं काम सोडून आयटीआय केलेल्या मुलाने शहाणपणच केलं, आणि परंपरा जपायची म्हणून त्याला पुन्हा रापीकडे बोलावणं हा निर्लज्जपणा ठरेल. शिकलगारांना तर वसाहतकाळापासून संशयित म्हणून जगावं लागलं. तेव्हा कलेचं ओझं ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वाहिलं, त्यांनीच ती पुढेही वाहावी हा आग्रह सोडला पाहिजे. ज्यांना हौस आहे त्या पाटला-देशमुखांच्या, जोशी-कुलकर्ण्यांच्या मुलांनी आरी हातात घ्यावी, आणि शिकवणाऱ्याला गुरू मानून फी द्यावी. पाया पडून फुकट शिकण्याची आपली जुनी सवय इथे नको. एका म्यानाची शिवण सरळ यायला किती दिवस जातात हे ज्याला कळेल, तो जातीवरून बोलताना थोडा अडखळेल. निदान अडखळावा.

कायद्याची बाजूही सरळ करून घ्यायला हवी. घरगुती, शेतीच्या किंवा कारखान्याच्या कामासाठी नसलेलं, नऊ इंचांपेक्षा लांब पातं हे कायद्याच्या लेखी शस्त्र आहे. त्यामुळे प्रामाणिक तालीम आणि केक कापणारा एकाच कलमाच्या भीतीखाली येतात. सरावाची बोथट पाती तालमीच्या नावावर नोंदवायची, ती कुलपात ठेवायची, मिरवणुकीत न्यायची तर वस्तादाने लेखी हमी द्यायची, एवढी सोपी पद्धत ठाण्याच्या पातळीवर बसवता येईल. राज्यशस्त्र जाहीर करणाऱ्या सरकारला इतकं जमायला हरकत नसावी. आणि गावोगावच्या यात्रांत कुस्तीचा आखाडा भरतो, निकाली कुस्तीला इनाम लागतं, तसं एखादं इनाम फरी-गदक्याच्या जोडीला लावावं, एखादं हाताने घडवलेल्या पात्याला. पात्याची परीक्षा करायला पंच म्हणून एक घिसाडी आणि एक कारखान्यातला फिटर बसवावा. भाषण कोणी करायचं ते यात्रा कमिटी ठरवेलच.